चेटकिणीला उगाच मारू नका
‘शापित सिनेमा’ नावाचा फॉरवर्ड परवा आत्याने घरच्या ग्रुपवर टाकला आणि माझी नऊ वर्षांची भाची ‘विझर्ड ऑफ ऑझ’ हा जुना हॉलिवूडचा सिनेमा अर्ध्यात बंद करून बसली. दावे तीन. झाडामागे एका बुटक्या नटाचं प्रेत लटकताना दिसतं, पत्र्याचा माणूस झालेला नट विषबाधेने मेला, आणि चेटकीण झालेली बाई सेटवर जळून मेली.

प्रेत आधी उरकू. तो पक्षी आहे. जंगल जिवंत वाटावं म्हणून सेटवर मोठाले पक्षी सोडले होते. संपलं.

पत्र्याच्या माणसाचं अर्धं खरं, नाइलाजाने मान्य. बडी एब्सनच्या तोंडाला फासलेली ॲल्युमिनियमची पूड फुफ्फुसात गेली, श्वास लागेना, इस्पितळात न्यावं लागलं. भूमिका जॅक हेलीला गेली. पण मेला? तो २००३ साली गेला, ९५व्या वर्षी!

आता चेटकीण, म्हणजे मार्गारेट हॅमिल्टन. २३ डिसेंबर १९३८ला धुराआड गडप व्हायचं दृश्य चालू होतं. ज्वाळा वेळेआधी उठली, तोंड आणि हात भाजला. खरे हाल त्यानंतरचे. हिरव्या रंगात तांबं होतं, ते जखमेत भिनू नये म्हणून भाजलेल्या कातडीवरून अल्कोहोलने रंग पुसून काढला. सहा आठवड्यांनी बाई कामावर हजर! हाताला रंग सोसवेना म्हणून हिरवे हातमोजे. कोर्टात गेलं तर पुन्हा कोणी काम देणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. अट एकच घातली, आता आगीचे खेळ नकोत. पुढे धूर सोडणाऱ्या झाडूवर बसायला तिने साफ नकार दिला. तिच्या जागी स्टंट करणारी बेट्टी डँको बसली, झाडूतली नळी फुटली आणि पाय तिचा जायबंदी झाला. तिचं नाव मात्र फॉरवर्डमध्ये कुठेच नाही.

हा सिनेमा कसा बनला यावरच्या अल्जीन हार्मेट्झ यांच्या १९७७च्या पुस्तकात हे सगळं आहे. त्याला प्रस्तावना खुद्द हॅमिल्टनबाईंची. जळून मेलेल्या बाईने चाळीस वर्षांनी प्रस्तावना लिहिली म्हणायची! गेल्या त्या १९८५ला, ८२व्या वर्षी.

मुळात त्या बालवाडीच्या बाई. मुलं आपल्याला घाबरतात याचं त्यांना वाईट वाटे. म्हणून १९७५मध्ये मिस्टर रॉजर्सच्या, अमेरिकेतल्या लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमात त्यांनी चेटकिणीचा वेष मुलांसमोर एकेक करून अंगावर चढवला. भाचीला तेच दाखवलं. टोपी डोक्यावर गेल्यावर ती म्हणाली, “ही तर आत्याआजीसारखी दिसते.”

हे आत्याला अजून कळवलेलं नाही.