पोराच्या नीटआधी आजोबांची शाळा शोधा

गेल्या वर्षी भाचीच्या मेडिकल प्रवेशामागं मीच पळालो. ताई-दाजी दोघंही नोकरीत, त्यामुळं फाईल माझ्या काखेत. अनुभव ताजा आहे तोवर लिहून टाकतो.

नीट म्हणजे मेडिकल प्रवेशाची परीक्षा, १८० प्रश्न, ७२० गुण, तीन तास. त्यासाठी आपण पोराला दोन वर्षं क्लासला जुंपतो. कागदांचं नाव मात्र निकाल लागल्यावर निघतं. माझं म्हणणं एवढंच, की हे उलटं आहे.

आमचं घोडं अडलं जात पडताळणीत, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याची सरकारी तपासणी. दाजी कुणबी. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणजे दाजींच्या वडिलांचा शाळेचा दाखला. भुदरगड तालुक्यातल्या गावच्या शाळेत गेलो. गुरुजींनी कपाटातनं रजिस्टर काढलं, पानं हातात घ्यायची भीती वाटावी अशी. त्यात नाव ‘दत्तू’, सातबाऱ्यावर ‘दत्तात्रय’. दोन्ही माणसं एकच, हे सिद्ध करता करता अख्खा उन्हाळा गेला. व्हॅलिडिटी (पडताळणीचं प्रमाणपत्र) नसेल तर पोरगी खुल्या प्रवर्गात ढकलली जाते. शासन कधी मुदत देतं, कधी देत नाही. त्या भरवशावर राहायचं कशाला? अकरावीतच कॉलेजमार्फत अर्ज टाका. नॉन क्रिमिलेअरच्या (उत्पन्न मर्यादेत असल्याच्या) दाखल्याचीही तारीख बघून घ्या.

दुसरा घोळ ताईचा. कसबा बावड्यातलं डी. वाय. पाटील मेडिकल कॉलेज आपल्या कोल्हापुरातलं, म्हणजे त्याचा फॉर्म राज्यातले प्रवेश बघणाऱ्या महाराष्ट्राच्या सीईटी सेलचाच असणार, असं ती धरून बसलेली. पण ते अभिमत (डीम्ड) विद्यापीठ. तिथल्या एमबीबीएसच्या जागा दिल्लीच्या एमसीसी या केंद्रीय समितीमार्फत भरतात, आणि अभिमतसाठी नुसतं डिपॉझिटच २ लाख! सीपीआर या सरकारी दवाखान्याला जोडलेलं शाहू महाराजांच्या नावाचं कॉलेज सरकारी. त्यातल्या १५ टक्के जागा एमसीसीकडं, ८५ टक्के सीईटी सेलकडं. म्हणजे फॉर्म दोन, वेळापत्रकं दोन, पसंतीक्रमही दोन. एकीकडं फेरीचा निकाल, दुसरीकडं त्याच आठवड्यात पसंती भरायची. भिंतीवरच्या कालनिर्णयवर मी दोन रंगांचे पेन चालवले होते, दाजी हसायचे.

आणखी एक. राज्याच्या ८५ टक्क्यांसाठी डोमिसाइल (रहिवासाचा दाखला) तर हवंच, शिवाय काही अपवाद सोडले तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच झालेली लागते. राजस्थानात कोटाला क्लाससाठी पाठवून बारावीही तिकडच्याच शाळेत दाखवणाऱ्यांनी हे आधी वाचावं. आपल्याकडं कागल ओलांडलं की निपाणी, म्हणजे कर्नाटक. त्या बाजूला शिकणाऱ्या पोरांच्या घरच्यांनी तर नियमपुस्तिका घेऊन बसावं.

पसंतीक्रम भरताना ‘कटऑफ बघून खालचंच आधी टाका’ म्हणणारे गल्लोगल्ली भेटतील, काही तर त्याचे पैसेही घेतात. ऐकू नका. यंत्र तुमची यादी वरून खाली बघत येतं. वरचं मागितलं म्हणून खालचं जात नाही. जिथं जायचंच नाही ते नाव मात्र लिहू नका.

भाचीला दुसऱ्या फेरीत मिरजेचं सरकारी कॉलेज मिळालं. शनिवारी कपड्यांची पिशवी घेऊन घरी येते.

परवा शेजारच्या काकू आल्या. मुलगा अकरावीत, क्लास कुठला लावू म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं, "काकू, त्याचे आजोबा कुठल्या शाळेत होते?"

"अरे, परीक्षा नातवाची. आजोबांचा काय संबंध?"

मी फाईल काढली आणि चहा टाकायला सांगितला.