साडेसहाशे शब्द आणि उसना हिरो

आता बास झालं राव. ह्या सीझनला अजून एका पोराच्या निबंधात जाळं फेकत बिल्डिंगवरनं उड्या मारणारा तो हिरो दिसला, तर लाल पेन रंकाळ्यात टाकून मी मोकळा होणार आहे.

अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी कॉमन ॲपवर, म्हणजे एकाच फॉर्मवर बऱ्याच कॉलेजांना अर्ज करायच्या वेबसाइटवर, जो निबंध लागतो, त्याला मर्यादा ६५० शब्दांची. त्यातले निम्मे सिनेमाची स्टोरी सांगण्यात जातात! मग एक डायलॉग, आणि शेवटाला 'मीसुद्धा तसाच लढलो'. कुणाशी लढलास बाबा? कधी? त्याला जागाच उरत नाही.

सगळ्यात डोकं फिरलं ते एका पोरामुळं. २०१९ च्या पुरात ह्याचं घर पाण्यात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३, हे त्याला झोपेतनं उठवून विचारा. पावसाळ्यात रोज वहीत आकडे लिहितो, गल्लीतली म्हातारी माणसं त्याला विचारून सामान वर चढवतात. जायचंय सिव्हिल इंजिनिअरिंगला. पहिल्या खरड्यात हे सगळं होतं! काउन्सेलरनं काढायला लावलं. का, तर म्हणे 'रिलेटेबल' नाही, तिकडच्या माणसाला पंचगंगा काय कळणार? आणि त्या जागी काय घातलं? अंतराळातला जांभळा व्हिलन. अरे, पूर अमेरिकेत येत नाहीत काय? आणि ह्या सल्ल्याची फी ऐकलीसा तर घेरी येईल.

सिनेमाचं मला वावडं नाही. बाबूराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा बनवला तो ह्याच कोल्हापुरात, प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली सुरू झाली ती इथंच. सिनेमावर लिहायचं तर लिहा की! माझ्याकडं येणारा एक पोरगा इंग्रजी सिनेमातल्या सीनना कोल्हापुरी डबिंग करतो. व्हिलन तांबड्या रश्श्यावरनं भांडतो, हसून हसून पोट दुखतं. ओठांच्या हालचालीत शब्द बसवायला हा रात्ररात्र जागतो. निबंधात त्यातलं एक अक्षर नाही. तिथं जादूच्या शाळेतला चष्मेवाला आणि मैत्रीचं महत्त्व. दुसरा पाटाकडील तालमीच्या फुटबॉल टीमची मॅच कधी चुकवत नाही, तालमींचा फुटबॉल म्हणजे काय हे तासभर सांगेल, पण लिहिताना त्याला युरोपातला स्टार लागतो.

आईबापांना काय बोलणार, फी भरून बसलेत.

बऱ्याच कॉलेजांची मुदत १ जानेवारीच्या आसपास असते. म्हणजे ह्यांची फाइल ३० डिसेंबरला, रात्री अकराला. सोबत मेसेज, 'सर, कंटेंट फायनल आहे, फक्त ग्रामर बघा.' बघितलं. त्या हिरोचं ग्रामर एकदम चोख आहे. ॲडमिशन त्यालाच द्या म्हणावं, होस्टेलची खोलीपण लागणार नाही, छताला लटकून झोपंल.