आधी भरतीची वेळ पाहावी

लहान मुलांसाठी कोकणातील रिसॉर्ट निवडताना तरणतलाव आणि खेळायची जागा पाहावी, हा रिसॉर्ट निवडीवरील आपल्या लेखातील सल्ला योग्यच आहे. परंतु त्याआधी भरतीची वेळ पाहावी, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते, म्हणजे चतुर्थीला ती तीनच्या सुमारास येते आणि पुढे रोज साधारण ५० मिनिटांनी सरकते. गणपतीपुळ्याला किनारा एकदम खोल होत असल्याने तेथे मुलांना पाण्यात नेऊच नये. याउलट दिवेआगरला ओहोटीच्या वेळी आमची चार वर्षांची लेक ओल्या वाळूत उकिडवी बसून, खेकड्यांनी बिळांभोवती मांडलेल्या वाळूच्या बारीक गोळ्या तासभर मोजत होती. तिला रिसॉर्टमधील घसरगुंडीची आठवणही झाली नाही.