जुनी पुस्तकं जमवायचीत? आधी वाचन सोडा

सुरुवातीलाच सांगतो, ज्याला वाचायची सवय आहे त्याने या नादाला लागूच नये. वाचणारा माणूस पुस्तक पार उताणं पाडतो, पान दुमडतो, जेवताना ताटाशेजारी ठेवतो आणि शंभर वर्षं टिकलेली शिवण एका दुपारीत उसवून मोकळा होतो. संग्राहकाचं तसं नसतं. तो पुस्तक अलगद उचलतो, साल बघतो, किंमत आठवतो, वास घेतो आणि परत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतो. वास मात्र डोळे मिटूनच घ्यायचा, समोर पाहुणे असतील तर जरा जास्त वेळ. तो वास मुळात कागद आतून खराब होत चालल्याचा असतो, पण हे चारचौघांत कशाला बोला.

आता माल कुठून आणायचा. ठाण्यात राहता ना, मग तुमच्यासारखे नशीबवान तुम्हीच. नौपाड्यात दर दोन बिल्डिंगांमागे एक रीडेव्हलपमेंटला गेलेली असते, आणि तळमजल्यावरच्या प्रत्येक जुन्या घरात एक माळा असतो आणि माळ्यावर ट्रंक असते. पेपरात पुस्तक परीक्षणं वाचत बसू नका, कुठल्या सोसायटीचा करार झाला आणि खोल्या कधी खाली करायच्यात एवढ्यावर लक्ष ठेवा. मग एखाद्या संध्याकाळी सहज चक्कर मारायची.

"काकू, नवीन फ्लॅटमध्ये माळा नसणार हो. आणि हे सगळं म्हणजे वाळवीचं घर."

"अरे, पण ह्यांनी हौसेने जमवलंय रे सगळं."

"म्हणून तर म्हणतोय काकू. रद्दीवाल्याकडे गेलं तर वाईट वाटेल तुम्हालाच."

काकू चहा करतात, वर केतकरांच्या ज्ञानकोशाचे खंडही देतात. एकूण २३ खंड, त्यातले चारदोन गायब असतातच, ते कुणीतरी वाचायला नेलेले असतात (बघा, वाचनाचे दुष्परिणाम). पैशाचा विषय काकूंनी काढला नाही तर आपण काढू नये, मोठ्या माणसांना अवघडल्यासारखं होतं.

उशीर झाला तर स्टेशनजवळची रद्दीची दुकानं आहेतच. तिथे एकच नियम, चेहरा मेलेला ठेवायचा. हवं ते पुस्तक दहावीची गाईडं आणि जुने दिवाळी अंक यांच्या मधोमध दाबून सगळा गठ्ठाच काट्यावर टाकायचा, कारण तुमच्या तोंडावर आनंद दिसला की भाव किलोवरून नगावर जातो.

साल ओळखणं हे खरं शास्त्र आणि यात कमाईही आहे. जुन्या मराठी पुस्तकावर पुष्कळदा नुसता शक छापलेला असतो. शके १८४२ असेल तर त्यात ७८ मिळवायचे, म्हणजे १९२० साल झालं, शकवर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९. ही बेरीज विकत घेताना करायची आणि विकताना विसरायची. ऑनलाइन बघा, '१८४२ सालचं अतिदुर्मिळ पुस्तक' म्हणून फोटो टाकलेला असतो आणि आत लेखकाचा कोट-टाय घातलेला झकास फोटो, ब्लॉक म्हणजे धातूचा ठसा करून छापलेला. घेणारे घेतातही. शक नसेल तर 'करणें, जाणें, पुस्तकें' असे डोक्यावरचे अनुस्वार बघायचे, १९६२ साली साहित्य महामंडळाच्या नियमांनी ते काढले, त्याआधीचा माल बहुतेक असाच. आणि एखाद्या पानावर 'हें पुस्तक सन १८६७ च्या आक्ट २५ प्रमाणें रजिस्टर केलें आहे' असं दिसलं, खाली 'किंमत आठ आणे, टपाल हशील निराळें', तर पाहुण्यांना ते पान दाखवायचं, कायदा १८६७ चा म्हणजे पुस्तकही त्याच साली छापलेलं असं त्यांना वाटलं तर वाटू द्यायचं.

पहिल्या आवृत्तीचं वेड तर पाहिजेच. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा १८३१ साली निघाला, वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. तुमच्याकडे यातला एखादा असेल तर तो काचेच्या कपाटात, मधल्या फळीवर, दिव्याखाली. शब्द अडला तर? तर मोबाईल काढायचा, शिकागो विद्यापीठाच्या साईटवर तोच मोल्सवर्थ फुकट आहे. कपाटातला दिसण्यासाठी, फोनमधला बघण्यासाठी.

कपाट शक्यतो बाहेरच्या भिंतीला लावा. आपल्याकडे खाडी जवळ, चार महिने पाऊस, ओल आपोआप आत येते आणि मागोमाग कसर आणि वाळवी. येऊ द्या की, घरात निदान कुणीतरी पानापानातून जातंय. पान फाटलं तर सरळ सेलोटेप मारा. काही वर्षांनी टेप पिवळी होऊन निघते आणि निघताना चार ओळी घेऊन जाते, पण आपण कुठे त्या ओळी वाचणार होतो. काही लोक जपानी टिश्यू म्हणजे पातळ पण चिवट कागद आणि गव्हाच्या पिठाची पातळ खळ लावत बसतात, त्यांना दुसरे उद्योग नसावेत. कागदाची गंमत अशी की इथे पणजोबा धडधाकट आणि नातू अंथरुणाला खिळलेला. जुन्या शिळाप्रेसच्या, म्हणजे दगडावरून छापलेल्या पोथ्यांचा कागद चिंध्यांपासून केलेला, तो अजून हातात घेता येतो, आणि नंतर लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला, त्यात तुरटी, तिच्यामुळे आम्ल धरतं, म्हणून १९३० च्या कादंबरीचं पान उलटलं की कोपरा बोटांतच राहतो.

आतल्या खुणांचं काय ते ज्याचं त्याने ठरवावं. 'इयत्ता पाचवीत पहिला नंबर आल्याबद्दल बक्षीस' असं लिहिलेलं पान, पोथीच्या शेवटच्या अध्यायावर उमटलेलं हळदीचं बोट, समासात पेन्सिलीने 'हें खोटें आहे!' असं कुणीतरी चिडून लिहिलेलं. मला विचाराल तर पुस्तकातला सगळ्यात जिवंत भाग हाच. पण बाजारात याला डाग म्हणतात आणि भाव पडतो, तेव्हा मऊ खोडरबर जवळ ठेवा. वाचनालयाचा शिक्का असेल तर त्यावर बोट ठेवूनच फोटो काढायचा. 'परत करण्याची तारीख' असलेला कागद चिकटवलेला असेल तर पुस्तक त्या बाजूने उघडायचंच नाही.

एवढं सगळं करूनही कुणीतरी शेजारी येणार आणि विचारणार, "आठवडाभर वाचायला देता का हो?" घाबरू नका. त्यांना मराठी ग्रंथ संग्रहालयाचा पत्ता द्या, १८९३ पासून ठाण्यातच आहे, आणि तिथली जुनी पुस्तकं स्कॅन करून नेटवर फिरतायत, पानावर 'स्थळप्रत' (म्हणजे तिथेच बसून वाचायची प्रत) असा शिक्का दिसतो तीच ती. स्वतः मात्र तिकडे फिरकू नका. तुम्ही काकूंना गोड बोलून जे पुस्तक मिळवलंत ते तिथे एखादी कॉलेजची पोरगी वही काढून आरामात वाचत बसलेली दिसायची, आणि ती चुकून तुम्हालाच विचारायची, काका, तुम्ही वाचलंय का हे, शेवटी काय होतं?