सीपीएचे पैसे कुठे जायचे ते मे महिन्यात नाही, नोव्हेंबरात ठरतं

मॅसॅच्युसेट्समधल्या मराठी मंडळींसाठी ही पोस्ट. लांब आहे, पण घराचा टॅक्स भरणाऱ्या प्रत्येकाच्या कामाची आहे.

प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर सीपीए नावाची एक छोटी ओळ असते. कम्युनिटी प्रिझर्वेशन ॲक्ट, म्हणजे मोकळी जमीन, ऐतिहासिक वारसा, परवडणारी घरं आणि मैदानं यांच्यासाठी टॅक्ससोबत पैसे गोळा करणारा कायदा. राज्यातल्या ३५१ शहरं-टाऊनपैकी अर्ध्याहून जास्त ठिकाणी मतदारांनी हा कायदा स्वीकारलाय. पैसे आपण सगळेच भरतो. ते कुठल्या कामाला द्यायचे यावर बोलायचं म्हणून काही जण मे महिन्यातल्या टाऊन मीटिंगला (टाऊनचा खर्च मतदानाने मंजूर करणाऱ्या सभेला) आवर्जून जातात, आणि तिथे कळतं की आपल्याला हवं असलेलं काम यादीतच नाही. बैल गेला आणि झोपा केला, अशी गत होते.

याचं कारण कायद्यातच आहे. २००० साली झालेल्या या कायद्यानुसार कमिटीने, म्हणजे कम्युनिटी प्रिझर्वेशन कमिटीने, शिफारस केल्याशिवाय या निधीतला एक डॉलरही खर्च होऊ शकत नाही. टाऊन मीटिंग ती शिफारस मंजूर करू शकते, रक्कम कमी करू शकते किंवा साफ नाकारू शकते. रक्कम वाढवू शकत नाही आणि नवीन प्रकल्प घालू शकत नाही. शहर असेल तर सिटी कौन्सिललाही हेच बंधन. थोडक्यात, "हो" म्हणण्याची खरी ताकद पाच ते नऊ माणसांच्या एका टेबलापाशी आहे, आणि ते टेबल हिवाळ्यात भरतं.

आधी पैसा कुठून येतो ते पाहू. टाऊन टॅक्सवर जास्तीत जास्त ३ टक्के सरचार्ज, म्हणजे जादा आकार, लावू शकतं. लक्षात घ्या, घराच्या किमतीवर नाही, टॅक्सच्या रकमेवर. बहुतेक ठिकाणी घराच्या किमतीतले पहिले १ लाख डॉलर वगळलेले असतात. समजा घराचं मूल्यांकन ८ लाख, दर हजारी १२ डॉलर आणि सरचार्ज दीड टक्का. मग ७ लाखांवरचा टॅक्स ८,४०० डॉलर आणि त्याचा दीड टक्का म्हणजे वर्षाला १२६ डॉलर. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना आणि कमी-मध्यम उत्पन्नाच्या ज्येष्ठांना माफी घेता येते. तुमच्या टाऊनने ती तरतूद स्वीकारली असेल तर आईवडिलांच्या नावावर घर असलेल्यांनी असेसरच्या (घरांचं मूल्यांकन करणाऱ्या अधिकाऱ्याच्या) ऑफिसात जरूर चौकशी करा. हा अर्ज आपोआप होत नाही, दरवर्षी स्वतः करावा लागतो.

यात राज्य आपली भर घालतं. ती भर येते दस्त नोंदणीच्या फीमधून. घर विकत घेतलं, कर्ज नोंदवलं की रजिस्ट्रीत जी फी भरतो तिच्यातले २० डॉलर पूर्वी या निधीत जात. २०१९ च्या अखेरीस ते ५० झाले. सुरुवातीच्या वर्षांत राज्य डॉलरला डॉलर देत होतं. पुढे सामील टाऊनची संख्या वाढली आणि वाटा उतरत गेला. व्याजदर चढले, रीफायनान्स थांबलं की नोंदण्या घटतात आणि वाटा आणखी आक्रसतो. म्हणून राज्याची रक्कम पक्की धरून जी कमिटी पुढच्या वर्षाचे पैसे आधीच शब्दाने वाटून टाकते, तिचा हिशेब नोव्हेंबरात, राज्याचा चेक आल्यावर, हमखास चुकतो.

आता वाटणी. दरवर्षीच्या उत्पन्नातले किमान १० टक्के मोकळ्या जमिनीसाठी, किमान १० टक्के ऐतिहासिक वारशासाठी आणि किमान १० टक्के परवडणाऱ्या घरांसाठी खर्च करावे लागतात किंवा राखून ठेवावे लागतात. कमिटीच्या कामकाजाला जास्तीत जास्त ५ टक्के. समजा स्थानिक सरचार्ज १० लाख आणि राज्याचे २ लाख, एकूण १२ लाख. मग प्रत्येक खात्यात निदान १ लाख २० हजार, कामकाजाला फार तर ६० हजार, आणि बाकीचे जवळजवळ आठ लाख पूर्णपणे कमिटीच्या विवेकावर. मैदानं, खेळाच्या जागा यांना मोठी रक्कम याच उरलेल्या भागातून मिळते.

माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथे आहे. कायदा "किमान १०" म्हणतो आणि अनेक कमिट्या घरांच्या बाबतीत ते "कमाल १०" असं वाचतात. दरवर्षी १० टक्के टाऊनच्या हाउसिंग ट्रस्टकडे (परवडणाऱ्या घरांच्या निधीकडे) वळते करायचे आणि कर्तव्य संपलं असं समजायचं. एक-सव्वा लाख डॉलरमध्ये या राज्यात एक साधं युनिटसुद्धा उभं राहत नाही. केंब्रिजने वर्षानुवर्षं ८० टक्के घरांना आणि १०-१० टक्के बाकी दोघांना दिले आहेत. प्रत्येक टाऊनने तेच करावं असं नाही, पण ८० टक्केही कायद्यात बसतात हे सुनावणीत मोठ्याने सांगायला हवं. आपल्या शाळांतले शिक्षक, अग्निशमन दलातली माणसं, एकटे राहणारे म्हातारे शेजारी त्याच गावात राहू शकतात की नाही, याचा निर्णय या आकड्यात होतो.

कमिटीत पाच जागा कायद्याने ठरलेल्या: कॉन्झर्व्हेशन कमिशन, हिस्टॉरिकल कमिशन, प्लॅनिंग बोर्ड, पार्क खातं आणि हाउसिंग ऑथॉरिटी, प्रत्येकी एक. वर जास्तीत जास्त चार सामान्य नागरिक, टाऊनच्या नियमाप्रमाणे. पाचही जण आपापल्या बोर्डाचे, त्यामुळे आपल्या बोर्डाच्या प्रकल्पाकडे ओढा असणं साहजिक आहे. नागरिकांच्या जागा म्हणूनच महत्त्वाच्या. त्या रिकाम्या झाल्याची सूचना टाऊनच्या वेबसाइटवर लागते आणि बऱ्याचदा अर्जच येत नाहीत. आपल्यातल्या आर्किटेक्ट, सिव्हिल इंजिनियर, अकाउंटंट मंडळींनी तिकडे लक्ष ठेवावं.

वर्षाचं चक्र साधारण असं. उन्हाळ्याच्या शेवटी कमिटी गरजांची सुनावणी घेते. वर्षातून एक तरी जाहीर सुनावणी कायद्याने सक्तीची आहे. बहुतेक ठिकाणी अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मग अर्जदारांना बोलावून प्रश्न, जागेची पाहणी, टाऊनच्या वकिलाचं मत. जानेवारी-फेब्रुवारीत मतदान. त्यानंतर फायनान्स कमिटी, वॉरंट (टाऊन मीटिंगची विषयपत्रिका) आणि वसंतात टाऊन मीटिंग. जुलैत नवं आर्थिक वर्ष लागलं की करार होतो, आणि पैसे बहुधा बिलं दाखवल्यावर मिळतात, आगाऊ नाही. ज्या छोट्या संस्थेकडे दोन-तीन महिने पदरचे पैसे घालायची ऐपत नाही, ती इथेच अडकते. करारात टप्प्याटप्प्याने पैसे मागून घ्या, बऱ्याच कमिट्या ऐकतात.

अर्ज कशाने पडतात? पहिलं कारण पात्रता. या निधीतून देखभाल चालत नाही. जुन्या टाऊन हॉलच्या खिडकीची फुटकी काच बदलणं ही देखभाल. त्याच इमारतीच्या सगळ्या लाकडी खिडक्या उतरवून, कुजलेलं लाकूड जोडून, पुटी नव्याने भरून, वजनं आणि दोऱ्या बसवून पुढची पन्नास वर्षं टिकतील अशा करणं हे जतन. छपरावरच्या निसटलेल्या चार स्लेट (दगडी पाट्या) बसवणं देखभाल. अख्खं छप्पर तांब्याच्या फ्लॅशिंगसह (सांध्यांतून पाणी शिरू न देणाऱ्या पट्ट्यांसह) पुन्हा घालणं जतन. शिवाय इमारत राज्याच्या वारसा यादीत तरी हवी किंवा स्थानिक हिस्टॉरिकल कमिशनने ती महत्त्वाची ठरवलेली हवी. हे पत्र अर्जासोबतच जोडा. "नंतर देतो" म्हटलं की अर्ज एक वर्ष मागे जातो. आणि लाकडी खिडक्या काढून व्हायनल बसवायचा विचार असेल तर इथे येऊच नका, जतनाचे केंद्र सरकारचे निकष त्याला लागू होतात.

मोकळ्या जमिनीचं गणित वेगळं. जमीन घेता येते, राखता येते. पण जुन्या संरक्षित जमिनीची डागडुजी करायची तर ती मुळात सीपीएच्या पैशाने घेतलेली असावी लागते. परवडणाऱ्या घरांच्या दुरुस्तीलाही हाच नियम. मैदानांच्या बाबतीत न्यूटनमधल्या दोन पार्कांवरून खटला झाला, २००८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने खर्च अडवला, आणि २०१२ मध्ये कायदा बदलून जुनी मैदानं सुधारायला परवानगी मिळाली. त्याच दुरुस्तीत खेळाच्या मैदानासाठी कृत्रिम गवत विकत घ्यायला बंदी आली.

क्रिकेटवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. टाऊनच्या जागेवर मैदान तयार करणं या निधीत बसतं: सपाटीकरण, निचरा, काँक्रीटची पट्टी, कुंपण, व्हीलचेअर जाईल अशी वाट. बॅट, स्टंप, जाळ्या, स्पर्धेचा खर्च बसत नाही. पट्टीवरच्या मॅटचा खर्च क्लबने स्वतः करावा, म्हणजे कृत्रिम गवताचा वाद उद्भवतच नाही. जागा ओढ्या-पाणथळीजवळ आहे का ते आधी बघा. पाणथळीपासून १०० फूट आणि बारमाही वाहत्या पाण्यापासून साधारणपणे २०० फूट अंतरात काम असेल तर कॉन्झर्व्हेशन कमिशनची परवानगी लागते. पार्क खात्याचं लेखी संमतिपत्र नसलेला क्रिकेटचा अर्ज कमिटी पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवते, आणि ते बरोबरच आहे, कारण जमीन त्यांची.

देवळासाठी मागता येतील का, हा प्रश्न आपल्या ग्रुपवर हमखास येतो. ॲक्टनमध्ये चर्चच्या रंगीत काचांच्या जतनासाठी टाऊनने रक्कम मंजूर केली होती. २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अडवली; राज्यघटनेत धार्मिक संस्थांना सरकारी पैसा देण्यावर बंधन आहे. चालू प्रार्थनास्थळाच्या वाट्याला जाऊ नका. दिवाळी मेळा, गणपती, वर्ग, शिबिरं यांनाही हा पैसा नाही.

अर्ज पडण्याचं दुसरं कारण अंदाजपत्रक. एकाच कंत्राटदाराचा दीड वर्षापूर्वीचा कोट, त्यात अनपेक्षित खर्चाची तरतूद शून्य, आणि सरकारी कामाला लागू होणारे मजुरीचे ठरलेले दर धरलेलेच नाहीत. मग टाऊन मीटिंगने मंजूर केलेली रक्कम निविदा उघडल्यावर कमी पडते, काम थांबतं, आणि उरलेल्या रकमेसाठी पुन्हा पूर्ण वर्षाचा फेरा. यावर उपाय एकच: मोठं काम असेल तर पहिल्या वर्षी फक्त आराखड्याचे पैसे मागा. ताज्या नकाशांवर खर्च काढून दुसऱ्या वर्षी बांधकामाचे. एक वर्ष जास्त जातं, पण कामं पूर्ण होतात.

कमिट्यांबद्दलही एक स्पष्ट बोलायला हवं. सगळ्यांना खूश ठेवायचं म्हणून पंगतीत वाढल्यासारखं प्रत्येक अर्जाला थोडं थोडं द्यायची सवय घातक आहे. निम्मी रक्कम मिळालेला प्रकल्प बहुतेक वेळा निम्मा होत नाही, अजिबात होत नाही. पैसे मात्र दोन-तीन वर्षं अडकून राहतात. त्यापेक्षा तीन कामं पूर्ण द्या, पाच नाकारा, आणि नाकारताना कारण लिहा. शेतजमीन अचानक विक्रीला निघते तेव्हा हाताशी राखीव निधी नसेल तर कर्ज काढावं लागतं. त्याला दोन तृतीयांश मतं लागतात आणि पुढची कित्येक वर्षं त्याचे हप्ते सरचार्जमधून जातात. मोठं कर्ज काढलेल्या टाऊनमध्ये नव्या अर्जांसाठी फारसं काही उरत नाही. म्हणून अर्ज करण्याआधी चालू हप्त्यांचा आकडा विचारा.

जमीन किंवा घर या पैशातून घेतलं तर कायमस्वरूपी निर्बंध दस्तात नोंदवावा लागतो. त्याला राज्याच्या खात्याची मंजुरी लागते आणि ती महिनोन्‌महिने रेंगाळते. मसुदा खरेदीच्या दिवशी नाही, अर्जाच्या दिवशी तयार असावा.

आपल्यातले कितीतरी जण एच-वन किंवा ग्रीन कार्डवर आहेत. घर घेतलंय, सरचार्ज भरताय, पण टाऊन मीटिंगमध्ये मत नाही. कमिटीच्या सुनावणीत मात्र रहिवासी म्हणून उभं राहून बोलता येतं, पत्र देता येतं, अर्जाला पाठिंबा देता येतो. तिथे नागरिकत्व कोणी विचारत नाही. बैठकीची सूचना शनिवार-रविवार आणि सुट्ट्या वगळून किमान ४८ तास आधी लागते, इतिवृत्त जाहीर असतं. मागच्या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीचं इतिवृत्त काढून वाचा. कुठला सदस्य काय विचारतो ते कळतं. बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात, तेव्हा एकच प्रकल्प, त्याचा आकडा, आणि तो टाऊनच्या ओपन स्पेस किंवा हाउसिंग प्लॅनच्या कुठल्या पानावर आहे तेवढं सांगा. एकाच मजकुराच्या वीस ईमेलपेक्षा वेगवेगळ्या गल्लीतल्या पाच माणसांची स्वतःच्या शब्दांतली पाच पत्रं जास्त वाचली जातात.

तुमच्या टाऊनमध्ये अर्जाची शेवटची तारीख काय आहे ती खाली टाका. ज्यांना अर्ज भरायचाय त्यांनीही लिहा. अंदाजपत्रक आणि संमतिपत्रं तपासून द्यायला मी आहे.