देऊळ जितंजागतं आहे, म्हणून ऑइलपेंट?

गावच्या हेमाडपंती महादेवाला यंदा ऑइलपेंट लागला. खांब तांबडे, शिखर पिवळं, आणि आता गाभाऱ्यात ग्रॅनाइट बसवायचं घाटतंय. घरच्या ग्रुपवर मी एवढंच लिहिलं, की दगडाला रंग फासू नका, आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही आणि कालांतराने पापुद्रे सुटतात. चुलत भावाचं उत्तर लगेच आलं: "हे देऊळ आहे, म्युझियम नाही. चर्चसमोर फोटो काढणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये."

फोटो काढले होते, खरं आहे. पण मी राहतो त्या इटलीतल्या मोदेनाचं दुओमो, म्हणजे शहराचं मुख्य चर्च, तेही म्युझियम नाही, आणि माझं म्हणणं तेच आहे. १०९९ साली वास्तुकार लान्फ्रांकोने बांधायला घेतलेलं हे रोमानेस्क शैलीतलं चर्च आजही वापरात आहे. तिथे मिसा, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना, होते, लग्नं लागतात, ३१ जानेवारीला संत जेमिनियानोच्या सणाला तळघरातली त्याची समाधी उघडतात आणि दर्शनाला रांग लागते. दर्शनी भिंतीवर विलिजेल्मोने कोरलेले आदम-हव्वा पानांनी अंग झाकत उभे आहेत, गालफडात हात रुतवून, अगदी ओशाळलेले. नऊशे वर्षं झाली, आज कुणाला त्यांना गुलाबी रंग द्यावासा वाटत नाही.

पियाझ्झा ग्रांदे या चौकाच्या बाजूला, चर्चच्या पाठच्या गोलाकार भिंतीत शहराची जुनी मापं कोरलेली आहेत. वीट केवढी, कौल केवढं, सगळं दगडात. ग्राहकाने आणावं, ताडून पाहावं आणि मग व्यापाऱ्याशी भांडावं. देव आणि बाजार एकाच भिंतीला टेकलेले. यापेक्षा जितंजागतं आणखी काय असतं?

"त्यांनीपण बदल केलेच ना," असं भाऊ म्हणणार, कारण तो वकील आहे. केले. मुख्य दारातले सिंह रोमन काळातले, भिंतींनाही मुतिनाचा, म्हणजे रोमन काळातल्या मोदेनाचा, दगड, आणि आतलं लाकडी छत जाऊन पंधराव्या शतकात कमानी आल्या. पण त्यांनी जुना दगड मिरवला, टाइल लावून झाकला नाही. हा फरक मला पुरेसा वाटतो. भावाला वाटणार नाही.

आमचं अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं, शिलाहारांचं, म्हणजे या चर्चहून एकोणचाळीस वर्षांनी थोरलं. ऑफिसात हे मी निम्म्या लोकांना तरी सांगितलंय, कॉफी मशीनपाशी, फोनवर कोरीवकाम दाखवून. शेजारच्या वालधुनी नदीच्या वासाबद्दल मात्र बोलत नाही. तिथल्या गोष्टी इथे सांगताना एक मोजपट्टी, इथल्या गोष्टी तिथे सांगताना दुसरी. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला ही कला आपोआप येते.

आणि इथे तरी मी कोण? २०१२च्या भूकंपानंतर दुओमोची दुरुस्ती झाली, तेव्हा माझ्या दारावर कुणी आलं नाही. पेर्मेस्सोसाठी, म्हणजे राहण्याच्या परवान्यासाठी, क्वेस्तुराच्या, म्हणजे पोलीस मुख्यालयाच्या, रांगेत उभं राहावं, कर भरावा, ओत्तो पेर मिल्लेला, म्हणजे प्राप्तिकरातला हजारी आठ हिस्सा कुणाला द्यायचा त्या जागी, हिंदू संघाच्या चौकटीत सही करावी, की झालं. चौकात बसून सिंहांचं कौतुक करायला कुणाची हरकत नसते, पण त्यांचं काय करायचं हे मला कुणी विचारणारही नाही.

गावाने मात्र जीर्णोद्धाराच्या यादीत माझ्या नावापुढे पंचवीस हजार धरलेत, मला न विचारता. राग आला. बरंही वाटलं, पण हे ग्रुपवर लिहिणार नाही. मी कळवलं, पैसे देतो, पण ग्रॅनाइटला नाही, रंग उतरवायला. पुरातत्त्ववाल्यांपैकी जाणता माणूस बघा.

भावाचं उत्तर आलंय: माणूस तूच बघ, सुट्टीत आलास की. तोवर ग्रॅनाइटच्या पाटीवर तुझं नाव कसं लिहायचं, आबांच्या नावासकट की नुसतं?