नवरीची मर्यादा : पारोळ्याच्या आबांना उत्तर

आदरणीय आबा,

माझ्या भाचीवरील लेखाला आपण पारोळ्याहून लिहिलेली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. लग्नाला वर्षही न झालेली नवरी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत 28 दिवसांच्या प्राथमिक अभ्यासक्रमाला जाऊ म्हणते आणि मामा तिचे कौतुक लिहितो, हे आपल्याला रुचले नाही. घरंदाज घरची सून महिनाभर परक्या मुलखात तंबूत राहिली, तर भाऊबंदांत तोंड दाखवायला जागा उरत नाही, आणि एवढीच हौस होती तर सोयरीक जमवतानाच ती सांगायला हवी होती, असे आपले म्हणणे आहे.

सोयरिकीचा मुद्दा आधी घेतो, कारण तेथे आपले खरे आहे. मुलगी पाहण्याच्या बैठकीत मी स्वतः हजर होतो. मुलाच्या काकांनी ‘पोरीला आवड कशाची?’ असे विचारले, तेव्हा माझ्या बहिणीने ‘स्वयंपाकाची आणि वाचनाची’ असे सांगून टाकले, आणि हीच पोर तोरणमाळचा डोंगर दोनदा पायी चढून आली आहे हे ठाऊक असूनही मी पोह्यांच्या बशीत मान घालून बसलो. लेखात मी हे गाळले आणि तिच्या सासूबाईंना मात्र जुन्या वळणाच्या म्हणून मोकळा झालो. आम्ही झाकून ठेवलेली गोष्ट त्यांना आयत्या वेळी कळली, तेव्हा त्यांना राग येणे साहजिकच होते.

अब्रूचा मुद्दा मात्र मला मान्य करता येत नाही. भाचीचे सासर चोपडा तालुक्यात आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी त्यांच्याकडे कानबाई, म्हणजे आपली खान्देशातली देवी, बसते, आणि तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू काढताना घरातील प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ मोजली जाते, पाळण्यातल्या मुलाच्याही नावाने. यंदा तो गहू निवडण्यापासून रोट भाजण्यापर्यंतचे निम्मे काम या नव्या सुनेने केले, आणि ते आवडीने केले. ज्या घराची अब्रू तिच्या एका पावलासरशी जाईल असे आपण म्हणता, त्या घराच्या रोटांत तिच्या नावाची मूठ नाही, एवढेच मी आपल्या नजरेस आणू इच्छितो. कानबाईवर माझी श्रद्धा आहे. माझ्याही घरी मोजणी अशीच होते.

आपण तिला बंडखोर समजता, हेही बरोबर नाही. बंडखोर असती तर तिची अशी ओढाताण झालीच नसती. पहाटे चार वाजता ती पाठपिशवीत 15 किलो गहू भरते, पायातले पैंजण काढून कोनाड्यात ठेवते, पदर कमरेला खोचते आणि गच्चीचा जिना चाळीस वेळा चढते-उतरते. घर जागे होण्याच्या आत पैंजण पुन्हा पायात असतात, पदर डोक्यावर असतो आणि चुलीवर चहाचे आधण असते. हा सगळा खटाटोप सासरच्यांचा मान राहावा म्हणूनच आहे. थोरली सून म्हणून हळदीकुंकवाला पहिला मान मिळतो तो तिला सुखावतो, असे ती न लाजता सांगते, आणि बर्फात पाय रोवून उभे राहायचे आहे, हेही तितक्याच सरळपणे सांगते.

आपण प्रतिभाताई पाटील यांचा दाखला दिलात, तो मलाही आवडला. आपल्या जळगावची ही लेक 1962 साली, लग्नाच्या तीन वर्षे आधी, आमदार झाली, आणि डोक्यावरचा पदर तिने राष्ट्रपती भवनातही ढळू दिला नाही, हे आपण अभिमानाने लिहिले आहे. त्यापुढचे मात्र आपल्याकडून राहून गेले. 25 नोव्हेंबर 2009 रोजी पुण्याच्या लोहगाव तळावर त्याच प्रतिभाताई साडी बाजूला ठेवून वैमानिकाच्या पोशाखात, शिरस्त्राण घालून सुखोई विमानात बसल्या आणि अर्धा तास आकाशात होत्या. तेव्हा त्यांचे वय 74 होते. खान्देशात त्या दिवशी कुणी मर्यादा सुटली म्हणून हळहळल्याचे मी तरी ऐकले नाही. उलट आमच्या गल्लीत एका काकांनी पेढे वाटले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ज्याचे पेढे वाटायचे, ते चोविसाव्या वर्षी लाजिरवाणे का, याचे उत्तर मला आपल्या पत्रात सापडले नाही. माझा समज असा, की म्हातारीची अब्रू तिची स्वतःची झालेली असते. नवरीची मात्र सगळ्या भाऊबंदकीच्या सामाईक खात्यात जमा असते आणि सही करण्याचा हक्क तिला सोडून बाकी सर्वांना असतो.

पुढे काय झाले, असे आपण विचारले आहे. मागच्या आठवड्यात सासूबाईंनी तिला जिन्यावर गाठले. ‘काय करी ऱ्हायनी व माय?’ एवढेच त्या म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न पाहता आत गेल्या. दुसऱ्या पहाटे पाठपिशवी जागेवरच होती. तिचा उसवलेला पट्टा दाभणाने पक्का शिवलेला होता, पण आतला गहू मात्र परत कोठीत गेलेला होता. याचा अर्थ काय समजायचा, असे तिने मला फोनवर विचारले. मी म्हणालो, मला विचारू नकोस, सासूबाईंजवळ बस आणि तोरणमाळपासून सगळे सांग.

आपला,
भाचीचा मामा